सायकलला डिस्क आली, आता पॅड कोणता द्यावा?

सायकल दुरुस्तीच्या कामावर आपल्या समाजातील अनेक घरांची चूल पेटते. कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, भिवंडी, कोठेही जा. रस्त्याच्या कडेला हवेचा पंप, पाण्याचे घमेले आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या ट्यूब दिसल्या की तेथे बहुधा एखादे चाचा नाहीतर त्यांचा मुलगा बसलेला असतो. हा हुनर बापाकडून मुलाला मिळाला, त्यासाठी कोणी शाळा काढली नाही. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुकानापुढे येऊन उभी राहणारी सायकल पार बदलली, आणि शिकवणारे उस्ताद मात्र जुन्या सायकलीवर शिकलेले, अशी अडचण होऊन बसली आहे. त्या अडचणीतला एक लहानसा पण जिवाशी गाठ असलेला भाग म्हणजे डिस्क ब्रेकचे पॅड. आमच्या कारागीर बंधूंना आणि सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारांना उपयोग व्हावा म्हणून त्याविषयी आज सविस्तर लिहीत आहोत.

ठाकुर्ली हे मध्य रेल्वेवरचे, डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये असलेले लहान स्टेशन. एके काळी त्याची ओळख होती ती १९२९ साली उभ्या राहिलेल्या रेल्वेच्या चोळे वीजगृहामुळे. ते वीजगृह बंद पडून कित्येक वर्षे लोटली. आज ठाकुर्ली म्हटले की नव्वद फुटी रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना उठलेल्या उंच इमारती. पहाटे त्या रस्त्यावर गेलात तर सायकलवाले हमखास दिसतात. कोणी व्यायामाला निघालेला, कोणी रविवारी मुरबाडमार्गे माळशेजकडे जाण्याची तयारी करणारा. त्याच रस्त्यावर थोड्या वेळाने शाळेची मुले निघतात, आणि संध्याकाळी घरपोच जेवण पोचवणारी पोरे विजेवरच्या सायकली पिटाळतात. या तिघांच्याही सायकलीला आता डिस्क असते. पंधरा वर्षांपूर्वी जी वस्तू महागड्या परदेशी सायकलीला दिसे ती आता शाळकरी पोराच्या सायकलीला, आणि तीही पुढे-मागे दोन्हीकडे लावून येते.

गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "चाचा, ब्रेक लागत नाही, पॅड बदलून द्या." चाचा डबा उघडतात, हाताला येईल तो जोड बसवतात, तार ताणतात आणि पैसे घेतात. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येते. ब्रेक किंचाळतो आहे, किंवा लागतच नाही. मग चाचा म्हणतात माल खराब, गिऱ्हाईक म्हणते कारागीर खराब, आणि पुढच्या वेळी ते मॉलमधल्या मोठ्या दुकानाकडे वळते. यात माल पुष्कळदा खराब नसतोच. चुकीच्या जागी लावलेला असतो.

आधी आकार, मग बाकीचे

जुन्या सायकलीच्या ब्रेक-रबराचे बरे होते. एक रबर शंभर सायकलींना चाले. डिस्कच्या पॅडचे तसे नाही. कॅलिपर ज्या बनावटीचा, त्याच आकाराचा पॅड त्यात बसतो. अर्धा मिलिमीटरचा फरकसुद्धा चालत नाही, कारण सैल पॅड कॅलिपरमध्ये खडखडतो आणि घट्ट पॅड मागे सरत नाही, प्लेटला घासत राहतो.

आपल्या भागात येणाऱ्या स्वस्त आणि मध्यम सायकलींत मुख्यतः दोन आकार भेटतात. एक गोल, जुन्या रुपयाएवढा, तारेवर चालणाऱ्या साध्या कॅलिपरमध्ये बसणारा. दुसरा चौकोनी अंगाचा, वर कान असलेला, ज्याला बाजारात शिमानोच्या नावावरून 'बी-०१' म्हणतात. शिमानोने या पॅडची नवी आवृत्ती 'बी-०५' या नावाने काढली आहे. जेथे बी-०१ बसतो तेथे बी-०५ बसतो, हे ध्यानात ठेवावे, म्हणजे डब्यावरचा आकडा वेगळा दिसला म्हणून गिऱ्हाईक परत पाठवण्याची वेळ येणार नाही. टेकट्रोच्या बऱ्याच कॅलिपरलाही याच आकाराचा पॅड लागतो. त्याखेरीज महागड्या सायकलींचे आकार पुष्कळ आहेत. रस्त्यावर शर्यतीच्या धर्तीने चालवायच्या सायकलीचे वेगळे, चार पिस्टनच्या कॅलिपरचे वेगळे. ते सगळे पाठ करण्याची गरज नाही.

गरज आहे ती एका सवयीची. जुना पॅड काढावा, स्वच्छ पुसावा आणि नव्या पॅडवर पाठीला पाठ लावून ठेवावा. कान, भोक, कडा सगळे तंतोतंत जुळले तरच पुढे जावे. फक्त कॅलिपरवरचे नाव वाचून किंवा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा फोटो पाहून पॅड देऊ नये. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या ब्रेकमध्येही मधल्या वर्षांत आकार बदललेला असतो.

रेझिन की धातूचा?

आकार जमला की खरा प्रश्न पुढे येतो. पॅडच्या लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पाठीवर जो मसाला चिकटवलेला असतो, तो दोन मुख्य जातींचा. एकाला रेझिन किंवा ऑरगॅनिक म्हणतात. यात निरनिराळे तंतू आणि भुकट्या राळेसारख्या पदार्थात बांधलेल्या असतात. दुसरा सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाब आणि उष्णता देऊन एकजीव केलेली. या दोहोंच्या मधला अर्ध-धातूचा म्हणून तिसरा प्रकारही बाजारात मिळतो.

रेल्वेच्या वस्तीत हे समजावून सांगणे सोपे जाते. आगगाडीच्या चाकाला दाबणारा ब्रेकचा ठोकळा पूर्वी बिडाचा असे. नंतर त्याच्या जागी अनेक पदार्थांच्या मिश्रणाचा, ज्याला कॉम्पोझिशनचा म्हणतात तो ठोकळा आला. दोघांचा स्वभाव वेगळा, आवाज वेगळा, झीज वेगळी. सायकलच्या पॅडचे तसेच आहे, फक्त आकाराने तो बोटाच्या पेराएवढा.

रेझिन पॅड मऊ. लिव्हर दाबताच पकडतो, गरम होण्याची वाट पाहत नाही, आवाज कमी करतो आणि प्लेटला जपतो. शाळेला जाणारा मुलगा, बाजारहाट करणारा माणूस, स्टेशनपर्यंत जाऊन सायकल लावणारा नोकरदार, या सगळ्यांना तोच द्यावा. त्याचे दोन दोष आहेत. पावसाच्या चिखलात तो भराभर झिजतो, आणि लांब उतारावर फार तापला की त्याची पकड सुटू लागते. सिंटर्ड पॅड याच्या उलट. पाण्याचिखलात टिकतो, तापला तरी काम करतो. पण थंड असताना त्याची पहिली पकड कमी, आवाज जास्त, प्लेट लवकर खातो, आणि तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये उष्णता कॅलिपरकडे अधिक पोचवतो.

पुष्कळ दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतात, "साहेब, मेटलवाला घ्या, भारी आहे, जास्त दिवस जाईल." आमच्या मते असा सरसकट सल्ला देणे बरोबर नाही. कारण स्वस्त सायकलींच्या डिस्क प्लेटवर अनेकदा इंग्रजीत बारीक अक्षरांत कोरलेले असते की फक्त रेझिन पॅड वापरा. त्या प्लेटचे पोलाद मऊ असते. तिला धातूचा पॅड लावला तर पॅड टिकेल, प्लेट मात्र झिजून जाईल, आणि शे-दीडशे वाचवायला गेलेल्या गिऱ्हाइकाला प्लेटचा खर्च बसेल. उलट बाजूने अडचण नाही. रेझिन पॅड कोणत्याही प्लेटवर चालतो. म्हणून पॅड हातात घेण्याआधी चष्मा लावून प्लेट वाचावी. प्लेटवर काहीच लिहिलेले नसेल आणि सायकल साधी असेल तर रेझिनच द्यावा.

प्लेट वाचताना आणखी एक आकडा दिसेल. नवी प्लेट साधारण १.८ मिलिमीटर जाडीची असते आणि १.५ वर आली की बदलावी, असे बहुतेक बनावटींचे सांगणे आहे. तो किमान जाडीचा आकडाही प्लेटवरच असतो. एक साधा व्हर्निअर कॅलिपर दुकानात ठेवला तर हे मोजता येते. नखाने चाचपून पाहिले आणि कडेला पायरी लागली, तर ती झिजलेली आहे एवढे कळते, पण किती ते कळत नाही.

माळशेजचा गडी वेगळा

घाट उतरणाऱ्याची गोष्ट निराळी आहे आणि येथे कारागिराच्या सल्ल्यावर खरोखरच माणसाचा जीव अवलंबून असतो. थोडा हिशोब करू. माणूस ७५ किलो आणि सायकल सामानासह १५ किलो, मिळून ९० किलो. हे वजन ५०० मीटर उंचीवरून खाली आले तर सुमारे ४४० किलोज्यूल एवढी ऊर्जा कोठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत घरातल्या साध्या तापमानाचे जवळजवळ दीड लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. काही भाग वाऱ्याच्या विरोधात जातो, उरलेला सगळा त्या दोन पातळ प्लेटा आणि चार पॅडच्या तुकड्यांनी पचवायचा असतो. आता जो स्वार घाबरून सगळा उतार लिव्हर किंचित दाबून ठेवतो, त्याचे पॅड एक क्षणही गार होत नाहीत. रेझिन अशा वेळी मऊ पडतो, वास येऊ लागतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. लिव्हर दाबलेली असते आणि सायकल थांबत नाही.

वेगाचाही असाच हिशोब आहे. ताशी २० किलोमीटरवर सायकल थांबवण्यास जेवढी ऊर्जा खपवावी लागते, तिच्या सव्वादोन पट ताशी ३० वर लागते. वेग दीडपट, ताण सव्वादोन पट. शाळकरी मुलाला हे शिकवतात. पण उतारावर ते आठवत नाही.

म्हणून माळशेज, कसारा किंवा माथेरानच्या नेरळ घाटाकडे नेहमी जाणाऱ्या गिऱ्हाइकाची प्लेट परवानगी देत असेल तर त्याला सिंटर्ड पॅड द्यावा. प्लेट १६० मिलिमीटरची असेल आणि माणूस वजनदार असेल तर पुढे १८० ची प्लेट लावता येईल का, हे पाहावे. मात्र त्यासाठी फ्रेमचा आणि काट्याचा पुढचा भाग तेवढ्या आकाराला परवानगी देणारा असला पाहिजे आणि योग्य अॅडाप्टर हवा. आणि पॅड कोणताही द्या, तोंडाने एवढे अवश्य सांगावे: घाटात ब्रेक धरून ठेवू नका, जोरात दाबा, वेग तोडा, सोडा, गार होऊ द्या, पुन्हा दाबा. पुढचा आणि मागचा दोन्ही वापरा. आपल्याकडे पुष्कळांना पुढच्या ब्रेकची भीती वाटते, ते एकट्या मागच्या ब्रेकवर घाट उतरतात. अशा सायकलीचे मागचे पॅड पाठीपर्यंत झिजलेले आणि पुढचे जवळजवळ नवे असतात. कारागिराने पॅड काढले की स्वाराची सवय कळते, ती त्याला सांगावी.

पावसाळा, आणि रॉकेलची बाटली

ठाकुर्लीत जून ते सप्टेंबर रस्त्यांची जी अवस्था असते ती वाचकांना सांगायला नको. खड्ड्यातले पाणी, त्यातली वाळू आणि बांधकामावरची बारीक कच, हे सगळे चाकाबरोबर उडून प्लेट आणि पॅड यांच्यामध्ये जाते आणि पॉलिश पेपरासारखे काम करते. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने जाणारा रेझिन पॅड पावसात काही आठवड्यांत संपू शकतो. म्हणून मेच्या अखेरीस येणाऱ्या प्रत्येक डिस्कवाल्या सायकलीचे पॅड, गिऱ्हाइकाने सांगितले नसले तरी, एकदा बघून घ्यावेत. मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की शिमानोच्या सांगण्याप्रमाणे तो बदलायचा. आम्ही म्हणू, पावसाच्या तोंडावर एक मिलिमीटर उरला असेल तरी बदलून टाकावा. मसाला संपून लोखंडी पाठ प्लेटला लागली की प्लेटही गेली.

आता सगळ्यात मोठा शत्रू. तेल. जुन्या सायकलीच्या दुकानात रॉकेल आणि ग्रीसशिवाय काम होत नाही, आणि उस्तादांचे हात नेहमी त्यातच असतात. रिमच्या रबराला थोडे तेल लागले तर पुसून चालत असे. डिस्कचा पॅड हा सच्छिद्र असतो, तो तेल पितो. एकदा प्यायला की पुसून, धुऊन किंवा घासून तो खात्रीने परत येत नाही. काही जण असा पॅड गॅसच्या ज्योतीवर भाजतात. ते करू नये. रेझिनचा मसाला जळतो, पाठीपासून सुटण्याची भीती असते, आणि त्यातून निघणारा धूर छातीला वाईट. तेल प्यालेला पॅड फेकून द्यावा आणि गिऱ्हाइकाला कारण दाखवून सांगावे.

तेल येते कोठून? साखळीवर फवारा मारताना त्याचे थेंब मागच्या प्लेटवर उडतात. मोटारसायकल धुण्याच्या ठिकाणी सायकल नेली तर तेथे डिझेल किंवा पॉलिशचा फवारा बसतो. घरी लाडाने सायकल चमकवणारा मालक टायरबरोबर प्लेटही चमकवतो! आणि पुष्कळदा तेल आपल्याच हातातून येते. प्लेट आणि पॅडचा मसाला बोटांनी धरू नये, हा नियम नव्या शागिर्दाला पहिल्या दिवशी शिकवावा. प्लेट पुसायला रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांपैकी काहीही चालत नाही, कारण ती उडून गेली तरी मागे चिकट थर राहतो. केमिस्टकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, त्याची एक बाटली आणि फक्त या कामासाठी ठेवलेले धुतलेले सुती फडके, एवढा खर्च पुरे. फडके वेगळ्या डब्यात ठेवावे. ते एकदा ग्रीसच्या फडक्यात मिसळले की संपले.

बसवणे आणि मुरवणे

तारेच्या डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला जागेवर असतो आणि त्याला पुढे-मागे करण्याचा स्क्रू चाकाच्या बाजूने असतो. पुष्कळ बनावटींत त्याला ५ मिलिमीटरची एलन चावी लागते. पॅड झिजला की आतला पॅडही या स्क्रूने पुढे आणायचा असतो. पुष्कळ कारागीर ते न करता फक्त तार ताणत जातात. मग कॅलिपरचा हात आधीच अर्धा ओढलेला राहतो, त्याची ताकद कमी होते आणि प्लेट एका बाजूला वाकून घासते. गिऱ्हाईक म्हणते ब्रेक दाबायला जड झाला. पॅड कोणताही घाला, हे जमले नाही तर तक्रार राहणारच.

तेलाच्या, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन्ही पॅड आपोआप पुढे येतात. तेथे नवे जाड पॅड घालण्यापूर्वी पिस्टन मागे सारावे लागतात. ते काम जुने पॅड आतच ठेवून, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा टायर लिव्हर घालून हळूहळू करावे. पिस्टनवर थेट स्क्रू-ड्रायव्हर लावला तर चीर पडू शकते आणि मग अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये, पिस्टन बाहेर येतात. मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवावा. आणि या ब्रेकमधले तेल कधीही अंदाजाने भरू नये. शिमानो, टेकट्रो, मागुरा यांना खनिज तेल लागते, तर दुसऱ्या काही बनावटींना मोटारीच्या जातीचे डॉट तेल. एकाच्या जागी दुसरे गेले तर आतल्या रबरी वॉशरची वाट लागते. लिव्हरवर काय लिहिले आहे ते वाचावे, वाचता आले नाही तर काम घेऊ नये.

पॅड बसल्यावर कॅलिपर सरळ करण्याची सोपी रीत अशी. कॅलिपरचे दोन बोल्ट जरा ढिले करावेत, लिव्हर दाबून धरावी म्हणजे कॅलिपर आपोआप मध्यावर येतो, आणि तसेच दाबून बोल्ट आवळावेत. चाक फिरवून पाहावे. पॅड धरणारी पिन आणि तिची क्लिप परत लावली की नाही हे शेवटी एकदा डोळ्यांनी पाहावे. पिन नसेल तर पॅड रस्त्यात गळून पडतो.

यापुढचे काम बहुतेक दुकानांत होत नाही, आणि 'नवा पॅड लागत नाही' ही तक्रार मुख्यतः त्यामुळेच येते. नवा पॅड मुरवावा लागतो. पॅडच्या मसाल्याचा पातळ थर प्लेटवर बसला की पकड येते. त्यासाठी सायकल ताशी २० किलोमीटरच्या आसपास न्यावी आणि चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावून आणावी, पूर्ण थांबवू नये, चाक लॉक होऊ देऊ नये. असे वीस वेळा. मग जरा जास्त वेगाने आणखी दहा वेळा. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. नव्वद फुटी रस्त्यावर सकाळी गर्दी नसताना शागिर्दाला दहा-पंधरा मिनिटे पाठवले की काम होते. ज्याला वेळ नाही त्याने निदान गिऱ्हाइकाला ही रीत समजावून सांगावी आणि पहिल्या दिवशी जपून चालवायला सांगावे. आधीच्या जातीचा पॅड बदलून दुसऱ्या जातीचा लावत असाल तर प्लेटवरचा जुना थर बारीक पॉलिश पेपराने हलकेच उतरवून अल्कोहोलने पुसावा, नाहीतर दोन मसाल्यांचे भांडण होते आणि ब्रेक किंचाळतो.

दुकानदाराचा हिशोब

सुट्या भागांच्या दुकानदाराला शंभर जातींचे पॅड ठेवणे परवडत नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आमच्या पाहण्यात ठाकुर्ली-डोंबिवलीसारख्या ठिकाणी गोल रेझिन आणि बी-०१ आकाराचा रेझिन, या दोन जाती भरपूर ठेवाव्यात. बी-०१ आकाराचेच थोडे धातूचे जोड घाटवाल्यांसाठी. बाकीचे मागणीप्रमाणे काळबादेवीच्या सायकल बाजारातून किंवा घाऊक व्यापाऱ्याकडून आणावेत. पाकिटावर जात, आकार आणि बनवणाऱ्याचे नाव नसेल तो माल स्वस्त असला तरी घेऊ नये. मोठ्या नावाचे नकली पॅड बाजारात येतात. छपाई अंधूक, पाठीवर कोरलेली अक्षरे नाहीत, मसाल्याच्या कडा तुटलेल्या, अशी त्यांची लक्षणे. नकली पॅडने एखाद्याचा पोरगा पडला तर त्याचा बाप कंपनीकडे जाणार नाही, तुमच्याच दारात येईल.

कराबाबत एक माहिती येथे द्यावीशी वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. घाऊक व्यापाऱ्याचे बिल तपासताना ब्रेक व त्याचे भाग यांचा ८७१४९४ हा एचएसएन क्रमांक आणि त्यापुढचा कराचा दर पाहून घ्यावा. जुन्या दराने कर लावलेले बिल हातात आले तर तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावे.

मजुरीबद्दल आमचे स्पष्ट मत आहे की ती पॅडच्या किमतीत लपवू नये. पंक्चरचे पैसे मागताना आपले कारागीर संकोचत नाहीत, मग डिस्कच्या कामाचे मागताना का संकोचावे? पॅडची किंमत वेगळी, बसवून मुरवून देण्याची मजुरी वेगळी, असे सांगितले आणि जुने पॅड गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले, तर त्याला पटते. ज्याला नुसता पॅड हवा तो नुसता पॅड नेईल.

विजेच्या सायकलींचे काम येत्या काळात वाढणार आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या सायकलीला नोंदणी लागत नाही, म्हणून डिलिव्हरी करणारी मुले ती घेतात. ती वजनाला जड, दिवसभर थांबत-निघत चालणारी, म्हणून तिचे पॅड साध्या सायकलीपेक्षा कितीतरी लवकर जातात. प्लेट परवानगी देत असेल तर अर्ध-धातूचा पॅड तिला चांगला. या सायकलींच्या ब्रेक लिव्हरमध्ये मोटर बंद करणारी एक बारीक वायर असते. पॅड बदलताना ती ओढली जाऊन तुटली, तर ब्रेक दाबला तरी मोटर ओढतच राहते. काम झाल्यावर चाक उचलून, मोटर चालवून, लिव्हर दाबून तपासल्याशिवाय सायकल परत देऊ नये.

राहिली कारागिराच्या स्वतःच्या छातीची गोष्ट. ब्रेकच्या मसाल्यात काय असते हे स्वस्त पॅडच्या पाकिटावर लिहिलेले नसते. अॅस्बेस्टॉस हा जगभर ब्रेकच्या अस्तरांत वापरला गेलेला पदार्थ, आणि त्यामुळे कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये क्रिसोटाइल जातीच्या अॅस्बेस्टॉसवर, ब्रेकच्या ठोकळ्यांसह, बंदी घातली. आपल्या देशात त्याची आयात चालू आहे. म्हणून शक्य तेथे अॅस्बेस्टॉस नसल्याची छाप असलेला पॅड घ्यावा. कोणताही पॅड असो, कॅलिपरमधली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पंपाने फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि चहाचा ग्लास हातात घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.